अर्ध्यावर अडलेला काटा

माझ्या नवऱ्याने नोकरीची सगळी वर्षं टाक्यांच्या लेव्हल मोजण्यात घालवली. दुबईत जेबेल अलीच्या एका प्लांटमध्ये तो इन्स्ट्रुमेंटेशनला होता. तीनतीन मजली उंच टाक्या, कुठल्या टाकीत किती माल आहे, कुठला मीटर खरं सांगतोय आणि कुठला थापा मारतोय, हे तो एका नजरेत सांगायचा म्हणे. त्याच माणसाने स्वतःच्या हाताने एक गाडी जोडली आणि त्या गाडीत पेट्रोल किती आहे हे मात्र आमच्या घरात कुणाच्या बापाला कळत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. (तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. कागदावर एकेरीत आणायची हौस भागवून घेतेय, तेवढी चालवून घ्या.)

गाडी शोरूममधून आणलेली नव्हती. इंग्लंडमध्ये असे कारखाने असतात की ते गाडी विकत नाहीत, गाडीचे सुटे भाग विकतात. सांगाडा, फायबरचं अंग, दिवे, वायरी, डॅशबोर्डवरचे काटे, नटबोल्ट, सगळं खोक्यांत भरून देतात आणि वर म्हणतात, आता तुमची तुम्ही जोडा. इंजिन एखाद्या जुन्या गाडीचं काढून बसवायचं. किट कार म्हणतात तिला. प्लांटमधल्या एका गोऱ्या साहेबाने ती मागवली होती, थोडी जोडली, कंटाळला आणि नोकरी सोडून मायदेशी निघाला. जाताना खोकी आमच्या गळ्यात मारून गेला.

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! अल मनखूलमधला एका बेडरूमचा आमचा फ्लॅट. त्यात आम्ही दोघं, दहा वर्षांची मुलगी आणि व्हिजिट व्हिसावर आलेल्या सासूबाई. नशीब, बरीचशी खोकी अल कुसैसला एका शेडमध्ये ठेवायला मिळाली. एसीचे डक्ट बनवणाऱ्या, ओळखीच्या एका सोलापूरकराची ती शेड. पण पेट्रोलची टाकी मात्र आमच्या बाल्कनीत. का, तर ती आतून स्वच्छ धुवायची होती आणि ते काम 'घरी बसल्या बसल्या' होतं. घरी बसल्या बसल्या म्हणजे माझे सगळे वाळत घातलेले कपडे आत आणि हा बाहेर.

मुलगी शाळेतून आली की बाल्कनीत डोकावून म्हणायची, "आई, व्हाय कान्ट वी बाय अ नॉर्मल कार?"

"तुझ्या बाबांना विचार."

"ही सेज इट विल बी नॉर्मल सून."

दसरा आला. सासूबाईंनी येताना बॅगेत ओल्या फडक्यात गुंडाळून आपट्याची पानं आणली होती. दुबईत सोनं लुटायचं म्हटलं तर बाजारात खरं मिळतं, आपट्याचं कुठून मिळणार? त्यांनी घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंना हळदकुंकू लावलं. टीव्हीला, माझ्या मिक्सरला, मुलीच्या कंपास पेटीला, नवऱ्याच्या वायरी तपासायच्या मल्टिमीटरला आणि बाल्कनीतल्या टाकीलाही. प्रत्येकावर एकेक पान. "हातानं काम करणाराच्या हत्याराला मान द्यावा," असं त्यांचं म्हणणं. नवरा चक्क पाटावर बसून मल्टिमीटरपुढे हात जोडत होता. मला हसू येत होतं, पण सासूबाई समोर होत्या म्हणून गप्प बसले.

थंडीत गाडी जोडून उभी राहिली. हिरवी, दोन माणसांची, वर कापडाचं छप्पर, एसीचा पत्ता नाही. पासिंगला नेली तेव्हा तपासणाऱ्या अरबाने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि बोनेटवर टकटक करून विचारलं, "शू हादा?" म्हणजे हे काय आहे. नवऱ्याने इंग्रजीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, हातवारे केले. पुष्कळ हेलपाटे झाले. कधी हॉर्न, कधी आरसे, कधी काय. शेवटी एकदाचा तो माणूस हसला, म्हणाला, "खलास. यल्ला," म्हणजे झालं, निघा आता, आणि आम्हाला मुल्किया मिळाली, म्हणजे तिकडचं आर.सी. बुक. त्या दिवशी नवरा ती मुल्किया उशाखाली घेऊन झोपला असता तरी मला नवल वाटलं नसतं.

आता माझं सांगते, कारण गोष्ट खरी माझी आहे.

लग्नाआधी मी पुण्यात एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये होते. मुलांनी जाळलेले मीटर दुरुस्त करायचे, वायरींच्या टोकांना पुन्हा सोल्डर मारायचा, प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी सगळी सर्किटं तपासून ठेवायची. मला ते काम फार आवडायचं. लग्न झालं, इकडे आले आणि माझ्या व्हिसावर शिक्का पडला : गृहिणी, नोकरीस परवानगी नाही. रागवायचं तरी कुणावर? सगळ्याच बायकांच्या व्हिसावर तसं होतं. मी वर्षानुवर्षं पोळ्या केल्या, मुलीचा अभ्यास घेतला आणि मंडळाच्या गणपतीत मोदक वळले.

मग मी लायसन्स काढायचं मनावर घेतलं. तेव्हा बायकोला लायसन्स हवं असेल तर नवऱ्याचं नो ऑब्जेक्शन लागायचं. माझी काही हरकत नाही, असं लेखी. त्याने हसत हसत सही केली. टेस्टमध्ये मला इतक्या वेळा नापास केलं, की बिल्डिंगचा वॉचमनसुद्धा "भाभी, आज?" असं विचारायचा आणि माझं तोंड पाहून पुढे बोलायचा नाही. पण चिकाटी सोडली नाही, आणि झाले पास! आमच्याकडची जुनी मोठी गाडी नवरा ड्युटीला न्यायचा. त्यामुळे मला चालवायला उरली ती हिरवी.

मार्च महिना असेल. घरात तुळशीला धड कुंडी नव्हती, बिचारी तुपाच्या डब्यात उभी होती. मसाफीच्या रस्त्यावर डोंगराच्या पायथ्याशी कुंड्या, गालिचे, फळं विकणाऱ्यांची रांग आहे, तिथे मातीच्या कुंड्या छान मिळतात असं ऐकलं होतं. मुलगी शाळेत, नवरा ड्युटीवर. काटा अर्धी टाकी दाखवत होता. म्हटलं, चला.

धैद गाव सोडून बरीच पुढे गेले आणि गाडीने दोन गचके दिले आणि थांबली. काटा पाहिला तर अर्ध्यावर. मी चावी बंद केली, पुन्हा फिरवली. अर्धा. बोनेट उघडलं, जे कळत होतं ते पाहिलं. पेट्रोलचा पाइप सोडवून पाहिला, तर एक थेंब नाही. म्हणजे टाकी ठणठणीत कोरडी आणि काटा डोळ्यांत डोळे घालून अर्धी अर्धी म्हणतोय. मला असा संताप आला की मी त्या डॅशबोर्डवर एक चापट मारली.

थोड्या वेळाने एक पठाण पिकअप घेऊन आला. पिकअपमध्ये गवताच्या पेंढ्या. थांबला, गाडीकडे बघून हसला, मग माझ्याकडे बघून हसू आवरलं. "बाजी," म्हणजे ताई, "आदमी किधर है?"

"ड्युटी पे."

"फोन करो उसको. पीछे पंप पे बूथ है, मैं छोड़ता हूँ."

माझ्या पर्समध्ये फोनकार्ड होतं. पण मी म्हटलं, "वो आके क्या करेगा? आप पेट्रोल ला दो ना."

तो गेला आणि पाण्याच्या कॅनमध्ये पेट्रोल घेऊन आला. पैसे देऊ केले तर पेट्रोलचे घेतले, वरचे नाही घेतले. मी टाकीत ओतलं, गाडी सुरू झाली. आता शहाण्या बाईने काय करावं? परत फिरावं. मी नाही फिरले. मी मसाफीला गेले, तिथल्या पंपावर टाकी काठोकाठ भरली, भाव करून मोठी थोरली कुंडी घेतली, शेजारच्या सीटवर ठेवून तिला सीटबेल्ट लावला आणि गाणी म्हणत घरी आले. खोटं कशाला बोलू, इतकी खूश मी कित्येक वर्षांत झाले नव्हते. उन्हाने चेहरा लाल झाला होता आणि मला माझाच चेहरा आवडत होता.

संध्याकाळी नवरा आला. मी त्याला चहा देता देता सगळं सांगितलं, पठाणाची नक्कल करून, स्वतःची नक्कल करून. मुलगी खिदळत होती. "आई, यू आर सो कूल!" नवरा हसला नाही. त्याने एवढंच विचारलं, "फोन का नाही केलास?"

"अहो, डोक्यातच नाही आलं."

तो चहा अर्धा ठेवून खाली पार्किंगमध्ये गेला.

मागच्या बाजूला गालिचा उचलला की टाकीवर एक गोल झाकण दिसतं. त्या झाकणाखाली टाकीत एक पोकळ गोळा लोंबत असतो. संडासातल्या फ्लशच्या टाकीत असतो ना, तसाच. पेट्रोल वर गेलं की गोळा वर, खाली गेलं की खाली, आणि त्याप्रमाणे वायरीतून डॅशबोर्डच्या काट्याला निरोप जातो. नवऱ्याने झाकण खोलून गोळा बाहेर काढला तर त्याच्या दांडीच्या बिजागरीत काळं काहीतरी अडकलेलं. त्याने चिमट्याने ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. पेट्रोल पिऊन काळंठिक्कर पडलेलं, पण दोन्ही पाळ्या शाबूत. आपट्याचं पान!

शुक्रवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, भारतात फोन लावला. सासूबाई तोवर परत गेल्या होत्या. त्या जराही वरमल्या नाहीत. "मीच घातलं सोनं त्याच्यात. वर ठेवलं तर वाऱ्यानं उडत होतं. म्हटलं, आत घालावं, म्हणजे टाकी कधी रिकामी व्हायची नाही."

"आई, टाकी रिकामीच झाली," नवरा म्हणाला.

"पण काटा झाला का रिकामा? नाही ना? मग!"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पेट्रोलच्या गाड्या काय जगात थोड्या आहेत? पण टाकीत सोनं सापडावं ते आमच्याच.

पान काढल्यावर काटा शहाण्यासारखा वागायला लागला. मी दोनतीनदा अल कुसैसला जाऊन आले, एकदा मुलीला घेऊन शारजाला गेले. भरलं की वर, जाळलं की खाली, अगदी बरोब्बर. आणि एक दिवस चावी फिरवली तर काटा मेलेला. शून्यावर. हलेना.

"अर्थिंग," नवरा म्हणाला. "पत्र्याच्या गाडीत पत्र्यातूनच अर्थ मिळतं. ही फायबरची. हिला सगळं वेगळं द्यावं लागतं. बघतो."

बघतो, बघतो करत एप्रिल गेला. मग ऊन इतकं तापलं की बिनएसीच्या गाडीत बसणं म्हणजे तव्यावर बसणं. गाडीवर कव्हर घातलं. मी विचारलं की तो म्हणायचा, पार्ट मागवायला लागेल. पुन्हा विचारलं की, उन्हाळ्यात कोण चालवतंय? आणि काटा सुरू होत नाही तोवर गाडी एकटीने बाहेर काढायची नाही, हे त्याने एकदाच, पण असं म्हटलं की वाद घालायला जागा ठेवली नाही. मीही गप्प बसले, कारण कितीही झालं तरी त्या दिवशी उन्हात भर रस्त्यात उभी राहिले होते ती मीच.

ऑक्टोबरमध्ये मला नोकरी चालून आली. शारजाच्या एका इंडियन स्कूलमध्ये फिजिक्स लॅबला बाई हवी होती. मुलाखतीत त्यांनी मला एक बंद पडलेला व्होल्टमीटर दिला आणि मी बोलता बोलता तो सुरू करून परत दिला. प्रिन्सिपल बाई म्हणाल्या, "कधीपासून येता?" कामाचा परवाना शाळा काढणार होती, पण नवऱ्याचं नो ऑब्जेक्शन पुन्हा लागणार होतं. त्याने पेन काढलं आणि सही केली, एका शब्दाने कुरकुर केली नाही. पगार ऐकून दिरहमला दहाने गुणून रुपयेसुद्धा सांगितले, जसे आम्ही सगळेच सांगतो. मला इतकं भरून आलं, की त्या रात्री श्रीखंड केलं.

एकच अडचण होती. स्कूलबस मुलांची आणि शिक्षकांची, लॅबच्या माणसाला जागा नाही. तुमचं वाहन हवं, असं त्यांनी आधीच सांगितलेलं. शनिवारी रुजू व्हायचं होतं, नाहीतर ते दुसरी बाई बघणार होते.

"मग मी हिरवी घेऊन जाते," मी म्हटलं. "आता ऊनही उतरलंय."

"काट्याचं काय?"

"टाकी फुल करीन दर शुक्रवारी. काट्याला घालायचंय काय!"

"मागच्या वेळीही तुला असंच वाटलं होतं." तो वर्तमानपत्रातून वर बघत नव्हता. "पार्ट येऊ दे. महिनाभर टॅक्सीने जा."

टॅक्सीने रोज मनखूल ते शारजा! निम्मा पगार टॅक्सीवाल्यालाच. आणि महिन्याने काय होणार होतं, ते मला एप्रिलपासून दिसतच होतं. मी रात्रभर जागी होते असं काही म्हणणार नाही, मला झोप लागली. पण सकाळी उठले ती एका विचाराने. हा माणूस हातात दोन वायरी घेऊन दहा मिनिटांत जे करू शकतो ते त्याला सहा महिने जमत नाही? इंजिन बसवणाऱ्याला? मला वाटलं, याचं लक्ष लागत नसेल, प्लांटमध्ये दिवसभर तेच करून कंटाळत असेल. तर मग मीच का नाही? मी काय मीटर कधी पाहिले नाहीत?

शुक्रवार होता. जेवून तो आडवा झाला, मुलगी मैत्रिणीकडे गेली. मी त्याचा मल्टिमीटर घेतला, एक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि खाली गेले. चावी फिरवली. टेंपरेचरचा काटा जिवंत, बाकीचे जिवंत, म्हणजे डॅशबोर्डला करंट आहे. मग मागचा गालिचा उचलला. झाकणावर दोन वायरी यायला हव्यात. एक अर्थची काळी आणि एक निरोप नेणारी हिरवी. काळी होती. घट्ट होती. मीटर लावून पाहिला, अर्थ एकदम चोख.

हिरवी नव्हती.

म्हणजे होती, पण तिच्या जागी नव्हती. तिचं टोक काढून, मागे दुमडून, त्यावर काळी टेप गुंडाळली होती. टेपचे वेढे एकावर एक सारखे, शेवटचं टोक तिरकं कापून दाबलेलं. आणि ती वायर बाकीच्या जुडग्याला प्लास्टिकच्या पट्टीने बांधली होती, लोंबू नये म्हणून. प्लांटमध्ये एखादं यंत्र बंद ठेवायचं असेल तर वायर अशी बांधून ठेवतात. ही नीटनेटकी पद्धत मी घरात रोज बघते. आमच्या इस्त्रीच्या वायरीलासुद्धा तो असाच बांधतो.

मी तिथे पार्किंगच्या फरशीवर मांडी घालून बसले. चुकून निघालेली वायर अशी बांधलेली नसते. टेप खरवडून काढली. वायरीचं टोक क्षणभर काळ्या वायरीला टेकवलं आणि वाकून डॅशबोर्डकडे पाहिलं. काटा हळूहळू उठला आणि फुलकडे निघाला. बिचाऱ्यात काही दोष नव्हता. गोळ्याचा रेझिस्टन्स मोजला, तोही ठीक.

वर गेले. तो उठून खुर्चीत बसला होता. माझे हात काळे होते.

"वायर कुणी काढली?"

त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "टेम्पररी आयसोलेट केली होती."

"आयसोलेट!" माझा आवाज इतका चढला की मलाच दचकायला झालं. "प्लांटमधले शब्द प्लांटमध्ये ठेवा. सहा महिने मी इथे पार्टची वाट बघतेय. तुम्हाला मी गाडी चालवायला नको होती तर तोंडाने नको म्हणायचं होतं. सह्या कशाला केल्यात? जगाला हरकत नाही म्हणून लिहून द्यायचं आणि खाली जाऊन वायर काढून ठेवायची? अहो, शोभतं का हे?"

"नाही शोभत," तो म्हणाला.

इतक्या लगेच कबूल करेल असं वाटलं नव्हतं. भांडायला मी पदर खोचून आले होते आणि समोरचा माणूस मान खाली घालून हाताची नखं बघत होता.

"भीती वाटली," तो म्हणाला.

"मला येते गाडी चालवता. तुमच्यापेक्षा बरी येते."

"गाडीची नाही गं." मग थांबत थांबत बोलला. असं इतकं सलग तो फारसं बोलत नाही. "त्या दिवशी मी सकाळपासून कंट्रोल रूममध्ये होतो. फोन हाताशी होता, दिवसभर. तुझ्याकडे कार्ड होतं. तो माणूस तुला सोडतो म्हणाला होता बूथपर्यंत. तू काय म्हणालीस? वो आके क्या करेगा. आणि घरी येऊन हसत सांगितलंस. मी विचारलं तर म्हणालीस, डोक्यातच नाही आलं. इतकी वर्षं झाली लग्नाला. तू भर रस्त्यात अडकलीस आणि मी तुझ्या डोक्यातच आलो नाही. तू अडकशील याची भीती नाही वाटली. अडकलीस तरी मला हाक मारणार नाहीस, याची वाटली."

मला रडू आलं. ते रागाचं होतं की कशाचं, मला आजही सांगता येत नाही. मला त्याची कीव आली आणि त्याच वेळी त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. इतक्या वर्षांत त्याच्याशिवाय मी कुठे गेले नव्हते. भाजी आणायलासुद्धा त्याच्या सुट्टीची वाट बघायची मी. एक दिवस, फक्त एक दिवस मला त्याची गरज पडली नाही, आणि त्या एका दिवसाने हा एवढा मोठा माणूस मुळापासून हलला. मला हे सुखाचंही वाटलं, खोटं बोलत नाही. आणि भयंकर अन्यायाचंही.

"तुम्ही माझ्याशी खोटं बोललात," मी म्हटलं.

"हो."

"चला खाली."

"मी जोडून देतो. पाच मिनिटांचं काम—"

"मी जोडणार. तुम्ही टॉर्च धरा."

त्याने टॉर्च धरला. मी वायर जोडली, झाकण बसवलं, गालिचा घातला. चावी फिरवली, काटा पाऊण टाकीवर येऊन थांबला. आम्ही दोघं वाकून त्याच्याकडे बघत राहिलो. रात्री जेवताना मी त्याच्याशी फक्त मीठ द्या आणि वाटी द्या एवढंच बोलले. मुलगी म्हणाली, "आर यू गाइज फायटिंग?" आम्ही दोघंही नाही म्हणालो.

शनिवारी सकाळी मी निघाले. पूल ओलांडला, कुसैस मागे टाकलं. सिग्नलला शेजारच्या बसमधली पोरं गाडीकडे बोटं दाखवून हसत होती, मीही त्यांच्याकडे बघून हसले. काटा पाऊणवरून केसभर खाली आला होता, जसा यायला हवा तसा. शाळेत पोचले. लॅबला वार्निशचा आणि सोल्डरचा वास होता. कपाटं उघडली, मीटर बाहेर काढले, कुठला चालतो, कुठला नाही, वेगवेगळे मांडले. पहिला तास झाला, दुसरा झाला. मुलं चांगली होती.

मधल्या सुट्टीत ऑफिसमध्ये फोन होता. क्लार्क बाईला विचारलं, करू का? त्या म्हणाल्या, करा की. मी प्लांटच्या कंट्रोल रूमचा नंबर फिरवला. पहिल्या रिंगला त्याने उचलला.

"हॅलो?"

"मी आहे."

"काय झालं? कुठे आहेस? गाडी बंद पडली? पेट्रोल—"

"पेट्रोल भरपूर आहे. गाडी गेटात आहे. मी ऑफिसात आहे."

"मग?"

"मग काही नाही. असाच केला."

तिकडे मागे कुठलंतरी यंत्र पिकपिक करत होतं आणि कुणीतरी त्याला हिंदीत हाका मारत होतं, सर, इधर आइए, जल्दी. आयुष्यात ड्युटीवर असताना त्याने कामापुढे दुसरं काही ठेवल्याचं मला आठवत नाही. त्याने रिसीव्हर तोंडापासून जरा दूर नेला असावा, पण मला स्पष्ट ऐकू आलं.

"एक मिनट रुको," तो त्या माणसाला म्हणाला. "घर से फोन है."

मी शारजाला उभी होते, शाळेच्या ऑफिसात, हाताला सोल्डरचा वास. मी फोन ठेवला नाही.